कटआउटच्या डब्यावर येणारा आळ

मॉरिस मायनरचं बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्यावर स्क्रूंनी बसवलेला एक लहानसा काळा डबा दिसतो. त्याच्या बुडाशी पाच वायरी जोडलेल्या असतात. जुन्या ॲम्बेसेडरमध्ये आणि मद्रासला तयार झालेल्या स्टँडर्ड हेरल्डमध्येही लुकास या ब्रिटिश कंपनीच्या याच घराण्यातला डबा असे. पुस्तकात त्याला व्होल्टेज रेग्युलेटर किंवा कंट्रोल बॉक्स म्हटलेलं असतं, आपल्या गॅरेजमध्ये सरसकट ‘कटआउट’. बॅटरी उतरली की कटआउट बदला. बॅटरीतलं पाणी आटतंय, कटआउट बदला. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझत नाही, तरी कटआउटच.

हा डबा कसा बदलायचा ते या प्रकरणात सांगणार आहेच. पण त्याआधी, तो खरोखर बिघडला आहे का हे कसं ठरवायचं, यावर जास्त वेळ घालवणार आहे. बदलायला अर्धा तास पुरतो. मात्र चांगला डबा काढून नवा बसवला, तर मूळ दोष तिथंच राहतो आणि शिवाय नव्या डब्याचे स्वतःचे दोष गाडीत येतात. जुन्या गाड्यांच्या विजेच्या कामात सर्वांत जास्त पैसा आणि मनस्ताप याच एका घाईपायी जातो, असं माझं ठाम मत आहे.

डबा हवाच कशाला, इथून सुरुवात करू. डायनामो पट्ट्यानं इंजिनाशी बांधलेला असतो. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला सात-आठशे फेरे घेतं आणि घाटाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर चार हजारांच्या पुढे जातं. डायनामोचं व्होल्टेज या फेऱ्यांबरोबर चढतं. बॅटरीला मात्र असला चढउतार मानवत नाही. तिच्यात सहा सेल असतात. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती पडून असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि ती भरायची तर १४ व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो. साधारण १४.४ च्या पुढे आतल्या पाण्याचं विघटन जोरात सुरू होतं आणि हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू बाहेर पडू लागतात. ‘पाणी आटतंय’ म्हणतो ते हेच. म्हणजे डायनामोला लगाम हवा, आणि तोही एक-दीड व्होल्टच्या अरुंद पट्ट्यात ठेवणारा.

१९२० च्या दशकातल्या गाड्यांत हा लगाम जवळजवळ नव्हताच. डायनामोत एक तिसरा कार्बन ब्रश बसवत, तो प्रवाहाला ढोबळ मर्यादा घाली, आणि काही गाड्यांत चालकानं ऋतू पाहून स्वतःच्या हातानं स्विच ‘उन्हाळा’ किंवा ‘हिवाळा’ असा फिरवायचा. दिवसभर दिवे बंद ठेवून लांब प्रवास केला की बॅटरी उकळायची. १९३० च्या दशकात ब्रिटिश गाड्यांत लुकासची व्होल्टेजवर चालणारी नियंत्रणपद्धत रुळली आणि हे काम त्या काळ्या डब्याकडे आलं. पुढं सुमारे तीस वर्षं ती पद्धत मूळ तत्त्वाला धरून टिकली.

आता झाकण काढू. लुकासच्या आरबी १०६ या डब्यात शेजारी-शेजारी दोन उभी रिळं दिसतात. तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी, वर पोलादी पाती, पातीच्या टोकाला पॉइंट. एक रीळ व्होल्टेज सांभाळतं, दुसरं खऱ्या अर्थानं कटआउट. एक डबा आणि दोन स्वतंत्र कामं, हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मं निदान सोपं होतं.

व्होल्टेजचं रीळ असं चालतं. डायनामोत चुंबकत्व तयार करणाऱ्या फील्ड कॉइलला वीज या रिळाच्या पॉइंटमधून जाते. पॉइंट मिटलेले असले की फील्डला पूर्ण प्रवाह मिळतो आणि व्होल्टेज चढतं. ते ठरलेल्या आकड्याला पोचलं की रिळाचं चुंबक पातीला खाली ओढतं आणि पॉइंट उघडतात. मग फील्डकडे जाणाऱ्या प्रवाहाला वाट उरते ती एका रोधातून. चुंबकत्व मंदावतं, व्होल्टेज पडतं, पाती सुटते, पॉइंट पुन्हा मिटतात. हे सेकंदाला कित्येक वेळा घडतं. चालू गाडीत झाकणावर बोट ठेवलं तर ती बारीक थरथर जाणवते. ट्रान्झिस्टर गाडीत येण्याच्या कितीतरी आधी केवळ पाती, स्प्रिंग आणि तारेच्या वेटोळ्यांवर उभं राहिलेलं हे स्वयंचलित नियंत्रण मला आजही अचंबित करतं.

त्यात आणखी एक नजाकत आहे. पातीला मागं धरणाऱ्या स्प्रिंगजवळ दोन धातूंची जोडपट्टी असते. हवा गार असली की ती व्होल्टेज थोडं वर ठेवते, तापली की खाली आणते, कारण गार बॅटरी भरायला दाब जास्त लागतो आणि तापलेली बॅटरी कमी दाबानंही उकळते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तिथं ही इवलीशी पट्टी बॅटरीचं आयुष्य राखते. कोणी तरी पक्कड लावून ती वाकवलेली असेल तर हिवाळ्यात ठीक चालणारी गाडी उन्हाळ्यात बॅटरी मारते.

दुसऱ्या रिळाचं काम सरळ आहे. इंजिन मंद असताना डायनामोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असतं. दोघांची जोडणी तशीच ठेवली तर वीज उलटी वाहील आणि बॅटरी डायनामोला मोटर समजून फिरवायला बघेल. म्हणून डायनामो १२.७ ते १३.३ व्होल्टपर्यंत पोचला की कटआउट जोडणी करतो, खाली आला की तोडतो. याचे पॉइंट एकमेकांना चिकटले तर इंजिन बंद असतानाही प्रवाह वाहत राहतो, वायरी तापतात, इन्सुलेशन वितळतं. उभ्या गाडीतून जळका वास आला आणि डायनामो गरम लागला, तर पहिल्यांदा बॅटरीचं टर्मिनल काढा. बाकीचा विचार मग.

आता तक्रारींकडे येऊ. पहिली, अतिशय वारंवार ऐकू येणारी: ‘अँपिअरमीटरचा काटा सुरुवातीला वर जातो आणि थोड्या वेळानं शून्याजवळ येऊन बसतो.’ यात बिघाड काहीच नाही. स्टार्टर मारताना गेलेली वीज बॅटरीनं परत घेतली, ती भरली आणि तिची भूक भागली, म्हणून काटा खाली आला. ही पद्धत अशीच चालायला हवी. काटा तासभर वरच राहिला तर काळजी करा.

खऱ्या तक्रारी दोन जातीच्या, कमी चार्ज आणि जास्त चार्ज. दोन्हींत आधी डब्याबाहेरची कारणं तपासायची. पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबून साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून ढिला असेल तर डायनामो फिरतच नाही पुरेसा. बॅटरीची टर्मिनलं खरवडून स्वच्छ करा. बॅटरीतला एक सेल मेलेला असेल तर ती कितीही वीज खाईल आणि भरणार नाही, तेव्हा हायड्रोमीटरनं सगळे सेल पाहून घ्या.

मग डायनामो. त्याच्यावर दोन टर्मिनलं असतात, मोठं डी आणि लहान एफ. दोन्ही वायरी काढा, उघड्या तारेच्या तुकड्यानं दोन्ही टर्मिनलं एकमेकांना जोडा, आणि त्या तारेपासून इंजिनाच्या धातूपर्यंत व्होल्टमीटर लावा. इंजिन सुरू करून वेग अगदी सावकाश वाढवा. काटा न अडखळता वर चढला पाहिजे. २० व्होल्टच्या पुढं जाऊ देऊ नका आणि त्यासाठी इंजिन रेटूही नका, कारण आता लगाम काढलेला आहे. काटा अर्ध्या-एक व्होल्टपाशी घुटमळला तर फील्ड कॉइल संशयित. चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचर. काहीच दाखवत नसेल तर कार्बन झिजलेत किंवा अडकलेत. डायनामो पास झाला की त्याच वायरी परत जोडून, ती तार डब्याकडच्या टोकांना लावून हीच परीक्षा घ्या. वायर मध्ये कुठं तुटलेली असेल तर ती इथं सापडते. व्होल्टमीटर शक्यतो काट्याचा घ्या. थरथरत्या पॉइंटांमुळं डिजिटल मीटरवरचे आकडे इतके नाचतात की काय वाचावं ते कळत नाही.

यानंतर अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूशी असलेली जोडणी. इथं थोडं थांबतो, कारण निर्दोष डबे सर्वांत जास्त फेकले जातात ते अर्थपायी. डब्यावरच्या ई टर्मिनलची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. रिळाला व्होल्टेज ‘कळतं’ ते डी आणि ई यांच्यामधून. ई कडचा जोड गंजला, सैल झाला, तर काही व्होल्टेज त्या जोडातच खर्ची पडतं. रिळाला वाटतं अजून व्होल्टेज कमीच आहे, आणि ते डायनामोला आणखी चढू देतं. बॅटरी उकळते. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात हा जोड फार लवकर खराब होतो. नव्यानं रंगवलेल्या गाडीत तर पहिल्या दिवसापासून तो खराब असू शकतो, कारण स्क्रूखाली पत्रा राहतच नाही, रंगाचा थर येतो.

पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये मी हे समोर पाहिलं. नुकतीच रंगून आलेली, आरशासारखी चमकणारी हेरल्ड होती. तिचा तरुण मालक वैतागून म्हणाला, ‘काका, हा तिसरा डबा. तरी बल्ब उडतातच.’ इलेक्ट्रिशियन काकांनी डब्याला हातही लावला नाही. ‘डब्याचं राहू दे. अर्थ कुठं घेतलाय ते दाखव.’ इंजिन चालू ठेवून त्यांनी मीटरचं एक टोक डब्याच्या ई वर ठेवलं आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या खांबावर. तिथं काटा जवळजवळ शून्यावर असायला हवा. तो एक व्होल्टच्या पुढे गेला होता. काकांनी स्क्रू काढला, खालचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, वर ग्रीसचं बोट फिरवलं. काटा शून्याला आला. तीन डब्यांचे पैसे त्या नखाएवढ्या रंगाखाली गेले होते.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच डबा. त्याची परीक्षा अशी: ए आणि ए-वन या टर्मिनलांवरच्या वायरी काढून एकमेकींना जोडा, म्हणजे इंजिनाला बॅटरीची वीज मिळत राहील आणि डबा मोकळा होईल. व्होल्टमीटर डी आणि ई वर लावा. वेग वाढवत न्या. काटा चढेल, एका जागी किंचित थरकेल आणि स्थिर होईल. तो डब्याचा ठरवलेला आकडा. अर्ध्या मिनिटात उरका, नाहीतर रीळ तापून आकडा सरकतो. आरबी १०६ मध्ये २० अंश तापमानाला हा आकडा १६ च्या आसपास असतो, आणि तो पाहून अनेकजण दचकतात. दचकू नका. या डब्यात रिळावर गाडीचा प्रवाह नेणारे काही जाड वेढेही असतात. प्रवाह वाहू लागला की ते व्होल्टेज आपोआप खाली आणतात. इथं आपण प्रवाह तोडून मोजतोय, म्हणून आकडा चढा दिसतो. पुढं आलेल्या आरबी ३४० मध्ये तीन रिळं आहेत, प्रवाहाला मर्यादा घालायला वेगळं रीळ आहे, आणि त्याचा आकडा याहून साधारण एक व्होल्टनं कमी असतो. एकाचा आकडा दुसऱ्याला लावून स्क्रू पिळणं म्हणजे चांगला डबा हातानं बिघडवणं.

आकडा चुकला तरी लगेच दुकान गाठू नका. पॉइंट काळे पडले असतील तर फील्डचा प्रवाह अडतो आणि चार्ज कमी होतो, आणि ते साफ करता येतात. व्होल्टेजच्या रिळाचे पॉइंट टंगस्टनचे, त्यांना बारीक कार्बोरंडम दगड चालतो. कटआउटचे पॉइंट चांदीचे आणि मऊ, त्यांना फक्त बारीक काचपेपर, कार्बोरंडम किंवा एमरी अजिबात नाही. शेवटी स्पिरिटनं पुसा, म्हणजे भुकटी राहणार नाही. मग लॉकनट सैल करून स्क्रू अगदी थोडा फिरवा, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की व्होल्टेज चढतं. पण रिळाची तार जळून काळीठिक्कर पडली असेल, रोध तुटला असेल किंवा पॉइंट वितळून खड्डे पडले असतील, तर डबा संपला. आता बदलायचा.

विकत घेताना जुन्या डब्यावरचा नंबर सोबत न्या. डायनामो किती अँपिअरचा आहे ते पाहा. लुकासचा सी ३९ साधारण १९ अँपिअर देतो, सी ४० च्या नेहमीच्या प्रकारात २२. डबा त्याला जुळणारा हवा. गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, हेही आधीच पाहून ठेवा. मॉरिस मायनरसारख्या त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडलेला असतो. पॉइंटवाल्या डब्याला त्यानं फरक पडत नाही. पण आता जुन्याच आकाराच्या डब्यात ट्रान्झिस्टरची पाटी बसवून विकतात, ती उलट्या अर्थला क्षणात जळते.

काम सुरू करताना पहिल्यांदा बॅटरीची अर्थची वायर काढा. हा नियम मोडून ए ला पाना लागला तर जी ठिणगी उडते ती वायरिंगची वाट लावू शकते. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येकीला चिकटपट्टी लावून अक्षर लिहा. साठ वर्षांत रंग उडालेले असतात, त्यांच्यावर भरवसा नको. इटालियन घराण्यातल्या फियाटच्या डब्यांवर अक्षरांऐवजी आकडे असतात, तिथं त्या गाडीचा नकाशा समोर असल्याशिवाय हात घालू नका. नवा डबा उभा, टर्मिनलं खाली करून, त्याच जागी बसवा. खालचा पत्रा आणि अर्थचा जोड उघड्या धातूपर्यंत घासा. वायरी एकेक करून लावा आणि एफ व ए यांची अदलाबदल झालेली नाही हे दोनदा पाहा, कारण तशी चूक झाली तर नव्या डब्याचे पॉइंट पहिल्याच स्टार्टला जळू शकतात.

डायनामो उघडून दुरुस्त केला असेल, गाडी वर्षानुवर्षं उभी असेल किंवा अर्थ बदलला असेल, तर आणखी एक पायरी असते. डायनामोच्या लोखंडात उरलेलं थोडंसं चुंबकत्व त्याला सुरुवात करून देतं, आणि त्याची दिशा बरोबर असावी लागते. त्यासाठी एफ ची वायर डब्यावरून काढून, बॅटरी जोडून, ए वर क्षणभर दोनदा-तीनदा टेकवायची. बारीक ठिणगी उडते आणि काम झालेलं असतं. वायर डब्यावरून काढलेलीच हवी. ही पद्धत लुकास धाटणीच्या डायनामोची आहे. अमेरिकन गाड्यांतल्या काही जोडण्या वेगळ्या असतात, आणि अल्टरनेटरला तर हे कधीच करू नये.

आता गाडी चालवून आणा. दिवे बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं फिरवली की, इंजिनाचा वेग थोडा वर धरून, बॅटरीच्या खांबांवर साधारण १४ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. १५ च्या पुढे गेलं तर थांबा आणि अर्थ पुन्हा बघा.

इतकं करूनही रात्री बॅटरी उतरत असेल, तर हिशेब मांडा. २२ अँपिअर म्हणजे जेमतेम ३०० वॅट. जोड हॅलोजन ११०-१२० वॅट घेतात, इग्निशन, टेललाइट, वायपर मिळून आणखी शंभराच्या आसपास जातात. वर विजेचा पंखा, मोठा साउंड, फोनचे चार्जर लावले तर बाकी उरतच नाही, आणि गर्दीत मंद वेगात तर डायनामो पूर्ण २२ देतही नाही. १९६० च्या दशकात कंपन्या अल्टरनेटरकडे वळल्या त्याचं मुख्य कारण हेच. एमजीबी गाडीनं १९६७ च्या अखेरीस डायनामो सोडला. तुमची गाडी रोज रात्री चालायची असेल तर अल्टरनेटर बसवणं हा प्रामाणिक उपाय आहे. रविवारी सकाळी फिरवायची असेल तर डायनामोच ठेवा आणि पंखा काढा.

राहिला जुना डबा. तो भंगारात देऊ नका. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक नव्या पॉइंटवाल्या डब्यांपेक्षा त्या वेळच्या डब्याचा पाया, टर्मिनलं आणि पात्या मजबूत असतात. रीळ गेलं असलं तरी त्याच खोक्यात ट्रान्झिस्टरची पाटी बसवता येते आणि बॉनेटखालचं रूप तसंच राहतं. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते, आणि त्यात गाडीचं मूळ रूप राखण्याला महत्त्व आहे. तेव्हा जुना डबा पुसून, कापडात गुंडाळून ठेवा, आणि त्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलनं तारीख आणि मोजलेलं व्होल्टेज लिहून ठेवा. पुढच्या वेळी ही गाडी उघडणाऱ्याला तो आकडा कामाला येईल.